चौतीस इंच

पाणी सुरुवातीला काही सांगत नाही.
पाव भरलं तेव्हा गप्प होतं,
अर्धं भरलं तेव्हाही.
चौथ्या रात्री, काठोकाठ झाल्यावर,
खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रात
कुणाच्या तरी निधनवार्तेवर
बटणाएवढा ओला डाग.

डावा कोपरा. खालचा.
मला वाटलंच होतं.
तिथे रेझिन लावत होते तेव्हा फोन वाजला होता,
कॅल्गरीहून, केलेर्वोचा:
आई, घराचं काय ठरवलंस?
एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मुलगा,
आणि रेझिन कुणासाठी थांबत नाही.

मग उपसा. सोळाशे लिटर
तळघराच्या मोरीत, रात्रभर गुळगुळत.
घासणं, पुसणं, पुन्हा तीन थर.
बाहेर थंडर बेमध्ये उणे एकतीस.
गारठ्यात रेझिन सुकत नाही, नुसतं रुसून बसतं,
म्हणून हीटर सगळे खाली नेले
आणि आठवडाभर वर स्वयंपाकघरात
कोट घालून जेवले.

धान्याच्या कोठारांवर तेवीस वर्षं काढली मी.
गहू ओळखीचा आहे.
तो भिंतीला टेकतो, निम्मा भार तिच्यावर टाकून
निवांत झोपतो.
पाण्याला झोप नाही.
ते पाऊण इंची प्लायवूडला खांदा लावून
ढकलतच असतं,
आणि तळाशी सगळ्यात जास्त.

हे सगळं कशासाठी, तर एका माशासाठी.
एमरिक, मागच्या खोलीतला भाडेकरू,
कॉलेज संपवून निघाला तेव्हा म्हणाला, दोनच आठवडे,
आणि बादली हातात दिली.
तळहाताएवढा पाकू.
झाली तीन वर्षं.
आता माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आहे तो.
जुन्या टाकीत वळताना शेपटी काचेवर आपटते,
टक्,
वरती झोपेत ऐकू येतं.
त्याला माणसासारखे दात आहेत.
गाजर चावतो तेव्हा
मला आमच्या गणिताच्या बाई दिसतात.

काच आतून बसवायची,
हे हार्डवेअरच्या दुकानातल्या ऑस्मोने शिकवलं.
बाहेरून डकवलीस तर पाणी तिला उडवून देईल.
आतून टेकवलीस
तर तेच पाणी तिला चौकटीशी दाबून धरेल.
जो फोडायला टपलाय त्यालाच राखणीला बसवायचं.
गाडीत मी याचाच विचार करत होते,
माझ्याच गल्लीचं वळण चुकले.

फेब्रुवारीत केलेर्वो आला, कागद घेऊन.
तळघरात उतरला, टाकीभोवती एक चक्कर मारली,
काही बोलला नाही.
मग खिशातून टेप काढला. माझाच मुलगा.
रुंदी चौतीस. उंची तीस.
जिन्याचं दार एकोणतीस.
पुन्हा मोजलं. दारच लबाडी करत असेल अशा नजरेने
पुन्हा एकदा.
आई, ही बाहेर कशी काढणार?

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?
दार मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं,
फळीला करवत लावायच्या आधी.
म्हटलं, ते टोक धर.
झाकण बसवायचंय.

त्याने धरलं.

संध्याकाळी आम्ही मासा हलवला,
ओल्या चादरीत, दोघांनी दोन बाजूंनी,
लहान मुलाला तापात उचलावं तसा.
नळाचं हे पाणी सुपीरियर सरोवराचं.
तिकडे ते मैलभर गोठलेलं,
इथे सव्वीस अंशांवर, दिव्याखाली, नुकतंच निवळलेलं.

आठ फूट लांब जागा.
पण तो तीन फुटांवर येऊन थांबायचा,
जुनी काच जिथे असती तिथे,
आणि वळायचा.
शेपटी आपटायला काही नव्हतं.
पुन्हा जायचा, थांबायचा, वळायचा.

पुढे जागा आहे रे,
केलेर्वो त्याला म्हणाला,
उपड्या बादलीवर बसून,
कोट अजून अंगात,
कागद मांडीवर.